बचत खातं निवडताना व्याजाचा टक्का शेवटी बघा

मागच्या वर्षी बाबांना रात्री साडेअकराला मिरजेच्या दवाखान्यात दाखल करावं लागलं. अतिदक्षता विभागात नेण्याआधी ४० हजार अनामत भरायची होती. आईने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरमधलं पासबुक काढलं आणि पहिलं पान उघडून बिलाच्या खिडकीवर ठेवलं. खात्यात २ लाख १२ हजार होते. ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ या शिक्क्यावर बोट ठेवून ती मला म्हणाली, “हे बघ, वारस म्हणून माझं नाव लावलंय ह्यांनी. मला काढता येतील ना गं?”

येत नव्हते. खातं बाबांच्या एकट्याच्या नावावर होतं. खातेदार हयात आहे तोवर नॉमिनीला त्या खात्यातला एक रुपयाही काढता येत नाही. बाबांचं एटीएम कार्ड आईच्या पर्समध्ये होतं, पण पिन फक्त बाबांना ठाऊक. मी माझ्या फोनवरून भरायला गेले, तर फोन त्याच दुपारी बदललेला, आणि फोन बदलल्यावर पहिले २४ तास यूपीआयने ५ हजारांपेक्षा जास्त पाठवता येत नाहीत. माझं कार्ड पुण्याला घरी. शेवटी मामांनी स्वतःचं कार्ड पुढे केलं आणि पैसे भरले गेले. बाबा नवव्या दिवशी घरी आले.

तेव्हापासून मला कोणी विचारलं की बचत खातं कुठे उघडू, कोण जास्त टक्के देतं, तर मी टक्क्याचं शेवटी सांगते. बचत खात्यात आपण पैसे ठेवतो ते लागतील त्या क्षणी हातात यावेत म्हणून. ते येतील याची खात्री किती, कोणाला काढता येतील आणि त्यासाठी वर्षाला किती कापून घेतलं जाईल, हे तीन प्रश्न आधी. व्याज त्यानंतर.

पैसे ठेवताय ते बँकेत की पतसंस्थेत?

आपल्याकडे हा प्रश्न खरंच विचारावा लागतो. गावातल्या पतसंस्थेचं कार्यालय बँकेसारखंच दिसतं. काउंटर असतो, पासबुक असतं, दुकानावर येऊन रोजची पिग्मी गोळा करणारा ओळखीचा माणूस असतो. व्याजही बँकेपेक्षा जास्त असतं. पण पतसंस्था ही सहकारी संस्था आहे, बँक नाही, आणि तिथल्या ठेवींना बँकांच्या ठेवींसारखा विमा नाही.

हा विमा देतं ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी. ही रिझर्व्ह बँकेची उपकंपनी. हिच्या जन्माशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. १९६० साली केरळमधली पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या. त्यातून ठेवीदारांना संरक्षण देण्याचा कायदा झाला आणि १९६२ पासून विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. ते वाढत वाढत १९९३ मध्ये १ लाखावर आलं आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झालं.

हे ५ लाख एका माणसाला एका बँकेमागे मिळतात, मुद्दल आणि व्याज धरून. त्याच बँकेच्या तीन शाखांत तीन खाती असली तरी बेरीज करून ५ लाखच. बचत खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव सगळं त्या बेरजेत येतं. म्हणजे एखाद्या बँकेत ४ लाख ८० हजारांची मुदत ठेव आधीच असेल, तर तिथेच बचत खात्यात आणखी ५० हजार ठेवताना ३० हजार विम्याबाहेर जातात. सरकारी, खासगी, नागरी सहकारी, स्मॉल फायनान्स अशा सगळ्या प्रकारच्या बँकांना हाच विमा आणि हीच मर्यादा. पोस्टाच्या खात्यामागे मात्र थेट केंद्र सरकार असतं, तिथे ५ लाखांची अट नाही.

आता, विमा आहे म्हणजे पैसे उद्या सकाळी मिळतील असं नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते. मुंबईत शाखांबाहेर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना त्या आजही आठवत असतील. लोकांचं औषधपाणी, मुलांची फी, घरभाडं सगळं त्याच खात्यात होतं. पुढे २०२१ मध्ये कायदा बदलला. आता अशा निर्बंधांनंतर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. आधीच्या मानाने हे फार लवकर झालं. पण घरखर्च ज्या एकाच खात्यावर चालतो, त्या घराला ९० दिवस म्हणजे तीन महिन्यांचे पगार.

म्हणून माझा आग्रह असा की घरात दोन वेगळ्या बँकांत खाती असावीत. एक रोजचं, दुसऱ्यात महिना-दोन महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम. नागरी सहकारी बँकांना नावं ठेवण्यासाठी हे म्हणत नाही. कितीतरी गावांत लहान व्यापाऱ्याला पहिलं कर्ज त्यांनीच दिलं आहे. पण आयुष्याची सगळी पुंजी कोणत्याही एकाच बँकेत असू नये.

आणखी एक. फोनवरच्या ॲपमध्ये ‘दोन मिनिटांत खातं उघडा’ असं येतं, तेव्हा ते ॲप कोणाचं यापेक्षा पैसे प्रत्यक्षात कोणत्या बँकेत जाणार ते शोधा. ॲप चालवणारी कंपनी बहुधा बँक नसते, तिच्यामागे कुठलीतरी बँक असते. त्या बँकेचं नाव विमा असलेल्या बँकांच्या यादीत आहे का ते डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर पाहता येतं.

खात्यावर नावं कोणाची

अर्जात ‘मोड ऑफ ऑपरेशन’ असा एक रकाना असतो. बँकेतला माणूस घाईत असतो, आपणही घाईत असतो, आणि तो रकाना ‘सिंगल’ म्हणून भरला जातो. आमच्या घरी तेच झालं होतं.

संयुक्त खात्यात तीन पर्याय नेहमी दिसतात. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही एकटं खातं चालवू शकतं आणि एक गेलं तर दुसऱ्याकडे खातं राहतं. घरच्या खात्याला हाच पर्याय हवा. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ ऐकायला तसंच वाटतं, पण त्यात पहिलं नाव असलेली व्यक्ती हयात आहे तोवर दुसऱ्याला व्यवहार करता येत नाही. म्हणजे दवाखान्याच्या खिडकीवर आईची जी अवस्था झाली, तीच होणार. ‘जॉइंटली’ म्हणजे प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या.

नॉमिनी या सगळ्याहून वेगळा. खातेदार गेल्यावर बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढंच ते नाव सांगतं. नॉमिनीला पैसे मिळाले तरी कायद्याने वारस असणाऱ्यांचा हक्क संपत नाही. आपल्याकडे नॉमिनीलाच ‘वारस लावला’ म्हणायची सवय आहे, त्यामुळे हा घोळ घरोघरी आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात.

बाबा हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही तिघं बँकेत गेलो. आजारपणानंतर त्यांची सही थोडी कापत होती, म्हणून अधिकाऱ्याने समोर बसवून पुन्हा नमुना सही घेतली. आईचं आधार, पॅन, फोटो दिले आणि तिचं नाव जोडलं. आठवड्याने तिचं स्वतःचं कार्ड आलं. तिने एटीएमवर जाऊन पिन स्वतः टाकला, ५०० रुपये काढले आणि पावती पासबुकाच्या कव्हरमध्ये ठेवली. ती पावती अजून तिथे आहे, शाई उडाली आहे.

संयुक्त खात्याचा विम्यालाही उपयोग होतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. पती-पत्नीचं संयुक्त खातं आणि पतीचं एकट्याचं खातं यांची बेरीज होत नाही, दोन्हींना स्वतंत्र ५ लाखांचं संरक्षण मिळतं.

खातं चालवायला किती पडतं

स्वतःच्या पासबुकातलं एक वर्ष उघडून बसा आणि फक्त लहान रकमा वाचा. एका ओळखीच्या काकूंचं पासबुक मी असंच वाचलं होतं. दर तीन महिन्यांनी एसएमएसचे १७ रुपये ७० पैसे. मेमध्ये डेबिट कार्डाचे २३६. दोन वेळा किमान शिल्लक न राखल्याचे ३५४, ३५४. वर्षाला झाले १,०१४ रुपये ८० पैसे. वर्षभराचं व्याज होतं ६१२. काकू समजत होत्या की खातं त्यांना पैसे मिळवून देतंय.

किमान शिल्लक म्हणजे बहुतेक खासगी बँकांत ‘सरासरी मासिक शिल्लक’. रोज रात्री खात्यात असलेल्या रकमांची महिनाभराची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. अट १० हजारांची असेल तर ३० दिवसांची बेरीज ३ लाख व्हायला हवी. समजा २० तारखेपर्यंत तुमची सरासरी ४ हजारच राहिली, म्हणजे बेरीज ८० हजार झाली. उरलेल्या दहा दिवसांत २ लाख २० हजार हवेत, म्हणजे रोज २२ हजार. शेवटच्या दिवशी खात्यात १० हजार टाकून दंड टळत नाही तो यामुळे. उलट, एक लाख रुपये तीन दिवस खात्यात राहिले तरी महिन्याची अट पूर्ण होते.

दंड किती घ्यायचा याला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. शिल्लक जितकी कमी पडली त्या प्रमाणातच दंड हवा, तो लावण्याआधी बँकेने कळवून एक महिन्याची मुदत द्यायला हवी, आणि केवळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. कोणी याच्या पलीकडे कापलं असेल तर बँकेला लेखी कळवा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही.

सरकारी बँकांत हा जाच बराच कमी झाला आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बचत खात्यावरची किमान शिलकीची अट काढली. २०२५ च्या जूनमध्ये कॅनरा बँकेने आणि जुलैमध्ये पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही दंड बंद केला. शिवाय प्रत्येक बँकेत ‘मूलभूत बचत खातं’ असतं, बीएसबीडी नावाचं. त्याला शिलकीची अटच नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढता येतात. ते मागावं लागतं, कोणी आपणहून पुढे करत नाही. घरकाम करणाऱ्या मावशींना, शिकणाऱ्या मुलांना, निवृत्त माणसांना माझा पहिला सल्ला हाच असतो.

एटीएमचं थोडक्यात सांगते. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसह सहा महानगरांत ३, बाकी सगळीकडे ५. पुणे, नागपूर, नाशिक या हिशेबात ‘बाकी’मध्ये येतात. त्यापुढे दर व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आणि वर कर. नुसती शिल्लक पाहिली तरी तो व्यवहारच धरतात.

आता व्याज

२०११ पर्यंत बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँकच ठरवायची, सगळीकडे एकच. २५ ऑक्टोबर २०११ ला तो मोकळा केला. अट एवढीच ठेवली की एका बँकेने १ लाखापर्यंतच्या शिलकीवर सगळ्यांना सारखाच दर द्यायचा. त्याच्या वर रकमेनुसार वेगळा दर चालेल. म्हणूनच जाहिरातीतले टप्पे बहुधा १ लाखापासून सुरू होतात.

रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर २०२५ मध्ये ६.५ टक्क्यांवरून ५.२५ वर आला आणि बचत खात्यांचे दरही उतरले. १५ जून २०२५ पासून स्टेट बँक २.५ टक्के देऊ लागली, मोठ्या खासगी बँकाही त्याच पातळीवर आल्या. पोस्टाचा दर २०११ च्या डिसेंबरपासून ४ टक्केच आहे. स्मॉल फायनान्स बँका यापेक्षा बरंच जास्त देतात, पण बहुधा मोठ्या शिलकीवर. दर वर-खाली होत राहतात, म्हणून खातं उघडण्याच्या दिवशी बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा.

टक्के पाहिले की त्यांचे रुपये करा. वर्षभर सरासरी ६० हजार शिल्लक असेल तर २.५ टक्क्याने १,५०० आणि ४ टक्क्यांनी २,४०० मिळतात. फरक वर्षाला ९००, म्हणजे महिन्याला ७५ रुपये. वरच्या काकूंना दोनदा बसलेल्या दंडातच त्यातले ७०८ गेले असते. सरासरी ४ लाख असतील तर मात्र २.५ आणि ६ टक्क्यांत वर्षाला १४ हजारांचा फरक पडतो, तिथे दर पाहायलाच हवा.

‘७ टक्क्यांपर्यंत व्याज’ या जाहिरातीतला ‘पर्यंत’ नीट वाचा. समजा १ लाखापर्यंत ३ टक्के, १ ते ५ लाखांवर ५ आणि त्यापुढे ७ अशी रचना आहे. तुमचे २ लाख असतील तर पहिल्या लाखावर ३ हजार, दुसऱ्यावर ५ हजार, एकूण ८ हजार. हातात पडले ४ टक्के. काही बँका टप्पा ओलांडला की पूर्ण रकमेवर वरचा दर देतात, म्हणून “हा दर फक्त वरच्या रकमेवर की सगळ्या शिलकीवर?” हा प्रश्न विचाराच.

पोस्टाच्या ४ टक्क्यांत एक मेख आहे. बँकांना १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज द्यावं लागतं. पोस्टात महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर व्याज मिळतं. खात्यात १ लाख आहेत आणि तुम्ही २५ तारखेला ९० हजार काढले, तर पोस्ट त्या महिन्याचं व्याज १० हजारांवर देईल, सुमारे ३३ रुपये. २.५ टक्के देणारी बँक २४ दिवस १ लाखावर आणि ६ दिवस १० हजारांवर मोजेल, ते होतात १६८ रुपये. तेच १ लाख महिनाभर हललेच नाहीत तर पोस्टाचे ३३३ आणि बँकेचे २०५. म्हणजे पैसे पडून राहणार असतील तर पोस्ट चांगलं, पगार येऊन खर्च होणारं खातं असेल तर बँक. पोस्टाच्या खात्याला निदान ५०० रुपये शिल्लक लागते आणि व्याज वर्षाअखेरीस एकदाच जमा होतं.

‘आम्ही दरमहा व्याज देतो’ याला फार भुलू नका. १ लाखावर ४ टक्क्यांनी तीन महिन्यांऐवजी दरमहा व्याज मिळालं तर वर्षाला सुमारे १४ रुपये जास्त.

कराचंही दोन ओळींत. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस, म्हणजे बँकेतच आधी कापला जाणारा कर, कापत नाहीत, त्यामुळे लोक ते विवरणपत्रात दाखवायचं विसरतात. आयकर खात्याला ते बँकेकडून कळलेलंच असतं. जुनी करपद्धत निवडणाऱ्यांना अशा १० हजारांपर्यंतच्या व्याजावर सूट आहे, ज्येष्ठांना मुदत ठेवींचं व्याज धरून ५० हजारांपर्यंत. नव्या पद्धतीत ही सूट नाही.

शिल्लक नेहमी लाख-दीड लाखाच्या वर राहत असेल, तर जास्त टक्क्यांच्या मागे बँक बदलण्याआधी आहे त्याच बँकेत ‘स्वीप’ची सोय विचारा. ठरवलेल्या रकमेच्या वरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जातात आणि लागले की हवी तेवढीच ठेव मोडून खात्यात येतात. मोडलेल्या भागावर व्याज थोडं कमी मिळतं. माझ्या घरी हीच सोय आहे: ४० हजार खात्यात, बाकी ठेवीत. एक लक्षात ठेवा, ते व्याज मुदत ठेवीचं धरलं जातं, त्यामुळे ठराविक मर्यादेपुढे त्यावर टीडीएस कापला जातो.

बदलायचं ठरवलंत तर

जुनं खातं लगेच बंद करू नका. गॅसचं अनुदान, विम्याचा हप्ता, एसआयपी, गृहकर्जाचा ईएमआय, वीजबिल, भविष्य निर्वाह निधी असं काय काय त्या खात्याला जोडलेलं असतं ते दोन-तीन महिने पासबुकात नजर ठेवल्याशिवाय कळत नाही. नव्या खात्यातून पहिल्या आठवड्यातच लहान रक्कम पाठवून बघा, एटीएममधून काढून बघा, दिवसाला किती काढता येतात ते विचारा. नवा लाभार्थी, म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे तो, जोडल्यावर पहिला दिवसभर किती पाठवता येतात तेही विचारा, कारण ते प्रत्येक बँकेत वेगळं असतं.

जुनं खातं तसंच पडू दिलं आणि दोन वर्षं तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय होतं. त्यावर शिलकीचा दंड लावता येत नाही, व्याजही चालू राहतं, पण पैसे काढायला पुन्हा केवायसी द्यावं लागतं. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तिथून ती परत मागता येते. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावे असं काही पडून आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं.

बंद करायचंच झालं तर आधी पासबुक शेवटच्या नोंदीपर्यंत छापून घ्या. त्या वर्षाचं व्याज विवरणपत्रात दाखवायला ते लागतं, आणि खातं बंद झाल्यावर बँकेच्या ॲपमध्ये ते दिसेनासं होतं.